फुटण्याआधीचा काळा रंग

साबणाच्या पापुद्र्याचे एक ठरावीक छायाचित्र आता आपल्या परिचयाचे झाले आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक अर्धगोल, त्यावर निळ्या, पोपटी आणि किरमिजी रंगांचे भोवरे, आणि खाली एखादी ओळ : हा ग्रह नाही, साबणाचा फुगा आहे. दिनदर्शिकांवर, मोबाइलच्या पडद्यावर, विज्ञानविषयक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हे चित्र थोड्याफार फरकाने भेटत राहते. पाहताक्षणी ते सुंदर वाटते, याबद्दल वाद नाही. पण अशी पन्नासएक चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे रंग सारखेच भडक असतात. दुसरी, पापुद्रा जिथे सर्वांत पातळ झालेला असतो तो भाग बहुतेक चित्रांत चौकटीबाहेर गेलेला असतो.

या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, असे मला वाटते. तो संबंध काय आहे आणि त्याने चित्राचे काय नुकसान होते, हे या लेखात तपासायचे आहे. युद्धाच्या किंवा दुष्काळाच्या छायाचित्राबाबत आपण लगेच विचारतो, की हे खरे आहे का, चौकटीबाहेर काय ठेवले आहे. निसर्गाच्या छायाचित्राला मात्र ‘छान’ म्हणून मोकळे होतो. साबणाच्या पापुद्र्याला हा दुसरा न्याय लावणे चूक आहे, कारण त्याचा रंग ही शोभा नाही. तो एक माप आहे.

१

आधी हे माप कसे तयार होते ते पाहू.

तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरली, की तिच्यात पाण्याचा एक पडदा ताणला जातो. या पडद्याला दोन पृष्ठभाग असतात, पुढचा आणि मागचा. पडणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभाग जेमतेम दोन टक्के परत पाठवतो, बाकीचा आरपार जातो. मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या तरंगाला पापुद्र्याची जाडी दोनदा ओलांडावी लागते, म्हणून तो किंचित मागे पडतो. परतलेले दोन तरंग एकमेकांना भेटतात तेव्हा माथ्यावर माथा आला तर प्रकाश वाढतो आणि माथ्यावर खळगा आला तर तो मावळतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्यापेक्षा जास्त, त्यामुळे एका विशिष्ट जाडीला एक रंग उजळतो आणि दुसरा विझतो. आपल्याला दिसतो तो उरलेल्यांचा मेळ.

यात एक बारकावा आहे आणि या लेखाचा सगळा भार त्याच्यावर आहे. पुढच्या पृष्ठभागावरून परतताना तरंग उलटा होतो, मागच्यावरून परतताना होत नाही. म्हणून पापुद्रा तरंगलांबीच्या मानाने अगदीच पातळ झाला, की जाडीमुळे पडणारा फरक जवळजवळ शून्य असतो आणि दोन्ही तरंग नेमके एकमेकांविरुद्ध उभे राहून एकमेकांना पुसतात. सर्वांत पातळ पापुद्रा म्हणून काळा दिसतो. तिथे भोक पडलेले नसते. तिथे पापुद्रा असतो, फक्त तो प्रकाश परत पाठवत नाही.

उभ्या पापुद्र्यात पाणी खाली ओघळते, त्यामुळे वरची कड पातळ आणि खालची जाड होत जाते. वरून खाली वाचत गेले तर आधी काळा पट्टा, मग साधारण १०० नॅनोमीटर जाडीला चंदेरी पांढरा, मग पिवळसर तपकिरी, २०० च्या आसपास जांभळा, २५० ला निळा, पुढे हिरवा, पिवळा, आणि ४०० च्या सुमारास गुलाबी. त्यानंतर हिरवा आणि गुलाबी आलटून पालटून येतात आणि दर फेरीला फिके होतात. हजार नॅनोमीटरच्या बऱ्याच पुढे गेले की इतक्या तरंगलांब्या एकदम उजळतात, की सगळ्यांचा मिळून पांढराच होतो. म्हणजे या रंगांना क्रम आहे आणि त्या क्रमाला सुरुवात आहे. पहिल्या फेरीत ठसठशीत हिरवा कधीच नसतो. दुसऱ्या फेरीतला निळा सर्वांत देखणा असतो. चौथ्या फेरीतला हिरवा पाण्यासारखा फिका असतो.

मराठीत पैठणीच्या निमित्ताने ‘धूपछाव’ हा सुंदर शब्द रुळला आहे. पदर हलवला की एक रंग मावळतो, दुसरा उगवतो. साबणाच्या रंगांनाही अनेकजण धूपछावच म्हणतात, पण फरक आहे. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दोन्ही रंग धाग्यात मुरलेले असतात आणि कोन बदलला की एकाऐवजी दुसरा धागा पुढे येतो. साबणाच्या पाण्यात रंग मुळी नसतोच. मोरपिसाचे उदाहरण अधिक जवळचे, कारण तिथलीही निळाई रंगद्रव्याची नसून पिसातल्या सूक्ष्म रचनेची असते. पण मोरपीस वर्षानुवर्षे टिकते. पापुद्र्याची रचना आपण पाहत असतानाच वाहून जात असते, आणि म्हणूनच त्याचे छायाचित्र हवेसे वाटते.

२

‘पाण्यावरचा बुडबुडा’ हा आपल्याकडे क्षणभंगुरतेचा ठरलेला दाखला आहे. युरोपातही तेच. माणूस म्हणजे बुडबुडा, या अर्थाच्या लॅटिन म्हणीभोवती तिथल्या चित्रकारांनी शतकानुशतके फुगे उडवणारी मुले रंगवली. ज्याँ-सिमेऑन शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने १७३० च्या दशकात रंगवलेले ‘साबणाचे फुगे’ हे त्यांतले सर्वांत संयमी. दगडी कठड्यावर वाकून एक तरुण नळीने फुगा फुगवतो आहे, मागून एक लहान मूल डोकावते आहे. फुगा फुगून पुरता ताणला आहे, नळीपासून सुटलेला नाही. शार्दँने त्यावर रंगांची उधळण केलेली नाही. फुग्याचा भार त्या तरुणाच्या मनगटाच्या आणि श्वासाच्या सावधपणात आहे.

आपली म्हण काय किंवा ही चित्रपरंपरा काय, दोघींचे लक्ष फुटण्यावर आहे. फुगा आहे, मग नाही. मधल्या काळात त्याचे काय होते, याची चौकशी दुसऱ्याच लोकांनी केली. रॉबर्ट हूक यांनी १६७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे साबणाच्या फुग्यातल्या काळ्या, भोकांसारख्या दिसणाऱ्या डागांची हकिकत मांडली. न्यूटन यांनी १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये या निरीक्षणाला अनेक पाने दिली. त्यांची युक्ती साधी होती. फुगा फुगवल्यावर हवेच्या झुळकेने रंग एकमेकांत कालवले जातात, म्हणून त्यांनी तो स्वच्छ काचेच्या भांड्याखाली झाकला. त्याबरोबर रंग शिस्तीत आले. माथ्यापासून एककेंद्री वलये उमटून हळूहळू खाली पसरू लागली आणि शेवटी माथ्यावर काळा ठिपका उगवून वाढत गेला. हा ठिपका म्हणजे भोक, असे समजून न्यूटन थांबले नाहीत. त्यांनी त्यात मेणबत्तीचे आणि सूर्याचे प्रतिबिंब शोधले आणि ते अत्यंत अंधुक का होईना, दिसते, असे नोंदवले. त्या काळ्या ठिपक्याच्या आतही आणखी काळे लहान ठिपके त्यांनी पाहिले.

त्या ठिपक्यांपैकी सर्वांत काळ्या पापुद्र्याला आज न्यूटन यांचेच नाव आहे. त्याची जाडी पाचएक नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पंधरा हजारावा भाग. साबणाच्या रेणूंचे दोन थर समोरासमोर आणि मध्ये पाण्याचा नुसता अंश, इतकेच त्यात उरलेले असते. हिशेब केला तर तो पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम दोन हजारावा भाग परत पाठवतो. उघड्या डोळ्याने आणि मेणबत्तीच्या उजेडात तो पाहिला गेला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

न्यूटन यांनी रंगांच्या फेऱ्या मोजून त्यांच्या जाड्या काढल्या. मात्र प्रकाशाची तरंगकल्पना त्यांनी मानली नव्हती, त्यामुळे कारण त्यांच्या हाती आले नाही. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये तरंगांच्या मिळण्या-मावळण्याची कल्पना मांडली आणि न्यूटन यांचीच मापे वापरून रंगांच्या तरंगलांब्या काढल्या. शंभर वर्षांपूर्वीचे निरीक्षण इतके पक्के होते, की निरीक्षकाला अमान्य असलेल्या सिद्धान्ताला त्याचाच आधार मिळाला. चांगल्या नोंदीची परीक्षा याहून वेगळी काय असणार?

यानंतरचे मोठे नाव बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांचे. १८३२ मध्ये त्यांनी फिरत्या चकतीवर चित्रे हलताना दाखवणारे यंत्र तयार केले. चित्रपटाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. पुढे १८४३ पर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. साबणाच्या पापुद्र्यांवरचे त्यांचे पुष्कळसे काम त्यानंतरचे आहे. प्रयोग घरचे लोक आणि सहकारी करत, काय दिसले ते सांगत, आणि प्लातो त्यातून नियम बांधत. १८७३ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. तीन पापुद्रे एका कडेवर भेटतात तेव्हा त्यांच्यात १२० अंशांचेच कोन असतात, हा नियम त्यांचा. पापुद्र्याबद्दल आपल्याला जे कळले त्यातले कितीतरी दुसऱ्याने नीट क्रमाने सांगितलेल्या वर्णनावर उभे आहे. छायाचित्र हेही दुसऱ्यासाठी केलेले वर्णनच असते.

३

कॅमेरा आल्यावर हे काम सोपे व्हायला हवे होते. तसे झाले नाही, कारण पापुद्र्याने छायाचित्रकारापुढे दोन अडचणी एकदम ठेवल्या. तो थांबत नाही, आणि त्याचे सगळे सांगणे रंगात असते.

पहिली अडचण आधी सुटली. पॅरिसमध्ये मारे यांच्या संस्थेत काम करणाऱ्या ल्यूसियँ बुल यांनी १९०४ मध्ये विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात, सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेत, साबणाच्या फुग्यातून जाणारी गोळी टिपली. गोळी आत शिरते आणि फुगा तरीही क्षणभर आपला आकार धरून राहतो. डोळ्याने हे कधीच दिसले नसते. एक हजार नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा फुटताना त्याची कड सेकंदाला सातएक मीटर वेगाने मागे सरते, शंभर नॅनोमीटरचा असेल तर वीस मीटरहून जास्त. बुल यांनी फुटण्याला लांबी दिली. पण ही चित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांचा विषय पुन्हा फुटणे हाच आहे.

अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट यांनी १९४० च्या दशकात साबणाच्या बुडबुड्यांचे जे छायाचित्र घेतले, तेही कृष्णधवल. चौकटभर बुडबुड्यांची दाटी आहे. रंग नसल्यामुळे नजर कडांवर जाते आणि प्लातो यांची भूमिती समोर उभी राहते : कुठेही पाहा, तीन भिंती आणि तेच कोन. हे छायाचित्र मला आजच्या रंगीत चित्रांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. तरीही रंगाच्या बाबतीत ते वस्तूपासून सर्वांत दूर आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्राचा खरेपणा म्हणजे डोळ्याला दिसते त्याची नक्कल, एवढी सोपी व्याख्या चालणार नाही. ॲबट यांनी रंग सोडले आहेत हे कोणालाही पाहताच कळते. जे सोडले ते उघड आहे आणि जे ठेवले ते शाबूत आहे.

दुसऱ्या अडचणीची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. गाब्रिएल लिपमन यांनी १८९१ मध्ये रंगीत छायाचित्राची अशी पद्धत मांडली, की तिच्यात रंगद्रव्य अजिबात नव्हते. काचेवर अतिसूक्ष्म कणांचा प्रकाशसंवेदी थर आणि त्याच्या पाठीशी आरसा म्हणून पारा. येणारा आणि पाऱ्यावरून परतणारा प्रकाश थरातच एकमेकांना भेटतात आणि रंगागणिक वेगळ्या अंतरावर बारीक स्तर कोरतात. तयार काचेवर पांढरा प्रकाश टाकला, की ते स्तर आपापला रंग परत पाठवतात. या पद्धतीसाठी त्यांना १९०८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. साबणाच्या पापुद्र्याचे आणि या काचेचे कूळ एकच. दोन्हींत रंग व्यतिकरणातून येतो, दोन्ही विशिष्ट कोनातून पाहावे लागतात. पण काचेला मिनिटामिनिटांचा प्रकाश लागे आणि पापुद्रा तेवढ्यात वाहून जाई. शिवाय त्या काचेची प्रत काढता येत नसे. पद्धत मागे पडली.

टिकली ती दुसरी वाट. मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये दाखवलेली, तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन गाळण्यांची. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही बहुधा तेच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार संवेदकाच्या ठिपक्यांवर तीन रंगांच्या गाळण्या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडलेल्या असतात. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. माणसाच्या चेहऱ्यासाठी किंवा रानासाठी हे पुरते. पापुद्र्याकडून येणारा प्रकाश मात्र चढउतारांचा असतो. काही तरंगलांब्या भरात, काही विझलेल्या, पुन्हा काही भरात. त्या सगळ्याची तीन आकड्यांत बेरीज होते. अशा बेरजेत दोन वेगळ्या जाड्यांचे रंग जवळजवळ एकच होऊ शकतात. तिसऱ्या फेरीतला गुलाबी तुकडा आणि चौथ्या फेरीतला गुलाबी तुकडा सुटा काढून शेजारी ठेवला, तर कोणता कुठला हे कॅमेरा खात्रीने सांगू शकत नाही आणि आपण तर नाहीच.

मग ते ओळखायचे कसे? न्यूटन यांनी ओळखले तसे : काळ्यापासून मोजत खाली येऊन. काळा पट्टा हा या मोजपट्टीचा शून्य आहे. तो चौकटीत असेल तर पहिली फेरी, दुसरी फेरी असे मोजत कोणत्याही ठिकाणची जाडी सांगता येते. तो कापला, की उरतात ते नुसते रंगीत पट्टे. त्यांची मग कुणाशी बांधिलकी राहत नाही आणि ते हवे तितके भडक करायला वाट मोकळी होते. सुरुवातीला म्हटलेल्या दोन गोष्टींचा संबंध हा असा आहे. शून्य गेल्यावर खोटे पकडायला काही उरत नाही.

भडकपणाचेही तेच. जाडी वाढेल तसे रंग फिके पडत जातात, आणि हा फिकेपणा स्वतःच एक बातमी असतो. संगणकावर सॅच्युरेशनची सरकपट्टी पुढे ढकलली, की चौथ्या फेरीचा फिका हिरवा दुसऱ्या फेरीच्या निळ्याच्या तोडीचा होतो. पापुद्रा सगळीकडे सारखाच ‘रंगीबेरंगी’ दिसतो, म्हणजेच सगळीकडे सारखाच मुका होतो.

४

या परीक्षणात मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. ही चूक मीही केली आहे.

लहानपणी आमच्याकडे रिठ्याच्या पाण्याचे फुगे असत, आणि बांधावरच्या मोगली एरंडाचा चीक गवताच्या काडीच्या फासात धरून उडवलेले. ती आठवण धरून पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी घरीच पापुद्र्यांचे फोटो काढू लागलो. शिकवायला कोणी नव्हते. पापुद्रा हा रंगीत वस्तूसारखा उजळत नाही, तो आरसा आहे, हे कळायला दोन महिने गेले. तो फार तर सात-आठ टक्के प्रकाश परत पाठवतो, तेही ठरलेल्या कोनात. म्हणून दिवा पापुद्र्यावर मारून उपयोग नसतो. मोठा पांढरा पुठ्ठा उजळायचा आणि त्या पुठ्ठ्याचे प्रतिबिंब पापुद्र्यात पाहायचे. मागे काळे मखमली कापड. हवा बंद. आमच्याकडे पावसाळ्यात काम बरे होते, कारण दमट हवेत पाणी लवकर उडत नाही आणि पापुद्रा टिकतो. रिठ्याच्या पाण्याच्या पापुद्र्यात रंग भांड्यांच्या साबणापेक्षा सावकाश सरकतात, हेही मी याच काळात पाहिले.

एकदा फोटोंत खालच्या जाड भागात इतके पट्टे आले, की मला माझा शोधच लागला असे वाटले. कारण साधे होते. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सलग नसतो, त्यात ठरावीक तरंगलांब्या ठळक असतात. त्यामुळे सूर्यप्रकाशात जिथे पांढरे झाले असते तिथेही पट्टे टिकले. म्हणजे चित्रातले पट्टे जितके पापुद्र्याचे तितकेच दिव्याचे. दिवा कोणता, हे सांगितल्याशिवाय हे चित्र अर्धेच.

त्यानंतर एका छायाचित्र स्पर्धेसाठी मी एक चित्र तयार केले. वरचा तिसरा हिस्सा काळा होता. एका जाणकाराने सुचवले, वर काही नाही, तेवढे काप, आणि रंग जरा उठव. मी कापले, उठवले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पुढे एका शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेने ते वर्गात दाखवण्यासाठी मागितले आणि पाहताना सहज विचारले, “यात वरची बाजू कोणती? आणि हा हिरवा कितवा?” मला सांगता आले नाही. मूळ फाइल मी जागा करण्यासाठी पुसून टाकली होती. चित्र माझे, पापुद्रा माझ्या हातातला, आणि त्याच्याबद्दलचा अगदी पहिला प्रश्न मला सोडवता येईना. काय कापले गेले ते मला त्या दिवशी कळले.

५

तर मग अशा चित्राची पारख कशी करावी? भरमसाठ नियम नकोत. मला चार प्रश्न पुरेसे वाटतात.

पहिला, शून्य आहे का? काळा भाग चौकटीत नसेल तर तो का नाही, याचे उत्तर चित्रात किंवा ओळीत असावे. पापुद्रा अजून ताजा आणि जाड असेल तर काळा आलेलाच नसतो. ते प्रामाणिक कारण आहे.

दुसरा, चंदेरी पट्टा खरोखर पांढरा आहे का? पहिल्या फेरीतला हा पट्टा जवळजवळ दिव्याच्याच रंगाचा असतो. तो निळसर किंवा गुलाबी दिसला, तर समजावे की सगळ्याच रंगांना बाहेरून झाक दिलेली आहे. चित्राने आपली कसोटी स्वतःबरोबरच आणलेली असते, फक्त ती पाहायची सवय हवी.

तिसरा, रंग फिके होत जातात का? होत नसतील तर सरकपट्टी बोलते आहे.

चौथा, दिवा आणि कोन कोणता? पापुद्र्याकडे जितके तिरपे पाहावे तितके रंग पातळ पापुद्र्याच्या बाजूला सरकतात. गोल फुग्यावर तर प्रत्येक बिंदूचा कोन वेगळा, त्यामुळे सारख्या जाडीच्या फुग्यावरही वलये दिसतात. ग्रहासारख्या दिसणाऱ्या चित्रांत जाडी आणि कोन यांची ही सरमिसळ असतेच. ती दोष नाही, पण सांगण्याजोगी आहे.

एवढ्यावरून मी भोवऱ्यांच्या चित्रांविरुद्ध आहे, असा समज होऊ नये. पापुद्र्यावर फुंकर मारून क्रम मोडणे हाही खेळ आहे आणि त्यातून पाण्याची चाल सुरेख दिसते. अशा चित्रात काळा ठिपका मध्येच उगवून कुठल्याही रंगाला टेकू शकतो. तिथे क्रमाचा आग्रह धरणे म्हणजे नाचाकडून कवायत मागणे होईल. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे. चित्र विज्ञानाच्या नावाने समोर येते, ‘निसर्गाचे रंग’ म्हणून मिरवते, आणि त्याच वेळी त्या रंगांचा अर्थ लावण्याची सोय काढून घेते. अमेरिकेत विज्ञानविषयक छायाचित्रणात मोठे काम केलेल्या फेलिस फ्रँकेल यांचा आग्रह असतो, की प्रतिमेत बदल केला तर तो सांगावा. बदल करू नये, असे त्या म्हणत नाहीत, कारण बदलाशिवाय डिजिटल चित्रच नसते. सांगावे, एवढेच. ॲबट यांच्या कृष्णधवल चित्राला हे सांगावे लागत नाही, कारण ते उघड आहे. भडकवलेल्या रंगाला सांगावे लागते, कारण तो लपतो.

ग्रहाच्या उपमेबद्दलही एक शब्द. ती नेहमी लोभस वाटते, पण पापुद्र्याला ती काहीच देत नाही. गुरूचे पट्टे हजारो किलोमीटर रुंद. पापुद्र्याचे नवल नेमके उलट बाजूला आहे : पाच नॅनोमीटरचा बदल साध्या डोळ्याला, कोणत्याही यंत्राशिवाय दिसतो. अशी वस्तू घरातल्या बादलीत तयार होते. तिला थोर करण्यासाठी आकाशातून मोठेपण उसने आणावे लागत असेल, तर आपण ती नीट पाहिली नाही असेच म्हणावे लागेल.

आपली म्हण आणि शार्दँची परंपरा फुटण्याकडे पाहतात. आजचे छायाचित्र भरात आलेल्या रंगांकडे पाहते. दोघांच्या मध्ये जे घडते, म्हणजे पापुद्रा विरळ होत होत रंगाच्या पलीकडे जातो, तरीही टिकून असतो, आणि त्या अवस्थेत काही सेकंद, बंद हवेत कधी बरीच मिनिटे काढतो, ते दोन्हीकडून निसटते. न्यूटन यांना ते दिसले, कारण त्यांनी काच झाकून वाट पाहिली.

गेल्या पावसाळ्यात मी ते चित्र पुन्हा काढले. जुन्या चौकटीत, रिठ्याच्या पाण्यात, ढगाळ दुपारच्या उजेडात. वरचा हिस्सा काळा, त्याखाली चंदेरी पट्टा, मग पिवळा, जांभळा, निळा, आणि तळाशी धुतल्यासारखे गुलाबी-हिरवे. रंग उठवलेले नाहीत. त्याला कुठे बक्षीस मिळेल असे वाटत नाही. घरी भिंतीवर लावले आहे. येणारे विचारतात, वरचा भाग फाटलेला दिसतो. मी त्यांना खिडकीजवळ नेतो, चौकट बुडवून देतो आणि वर काळे येईपर्यंत थांबायला सांगतो. काळे आले, की सुई साबणाच्या पाण्यात बुडवून अलगद त्या काळ्यातून आरपार घालायला सांगतो. हात स्थिर असेल तर पापुद्रा फुटत नाही. सुई ज्या ठिकाणी अडकून उभी राहते, तिथे काही नाही, असे मग कोणी म्हणत नाही.